आमरीचे मूळ आणि पाण्याचा हिशेब

मे महिन्याच्या अखेरीस घोडेगावहून डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, आहुप्याकडे किंवा भीमाशंकरकडे कधी गेलात, तर वाटेतल्या जुन्या आंब्यांकडे मान वर करून जरूर पाहा. एखाद्या खोडाच्या बेचक्यात जाड, पट्ट्यासारख्या पानांचा झुबका दिसेल आणि त्यातून गुलाबी-पांढऱ्या फुलांचा तुरा खाली लोंबत असेल. वारा तुमच्या दिशेने असला तर फुले दिसण्याआधी वासच येतो. ही आमरी. जुन्नर तालुक्याच्या पश्चिम टोकाला, आंबे-हातवीज, दुर्गवाडी, घाटघर या बाजूच्या जंगलातही तिची ओळख होऊ शकेल.

वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात हिचे घराणे 'एरिडीस' या नावाने सापडते. एरिडीस म्हणजे हवेचे अपत्य. सह्याद्रीत या घराण्यातील एरिडीस क्रिस्पा आणि एरिडीस मॅक्युलोसा या जाती आढळतात. मी पदार्थविज्ञानाचा अध्यापक. फुलांच्या पाकळ्या मोजून जात ओळखणे हे माझे काम नव्हे. मला या वनस्पतीची गोडी लागली ती तिच्या मुळांमुळे. ही मुळे कोरडी असताना चांदीसारखी पांढुरकी दिसतात आणि पाण्याचा शिडकावा होताच मिनिटभरात हिरवी होतात. असे का होते, हे ज्याला नीट समजले त्याला आमरी जगवता येते. ज्याला समजले नाही त्याच्या हातून ती मरते. माझ्या हातून मेली होती.

ती हकीकत सांगण्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आंबेगाव तालुक्यातील एका वाडीत आंब्याखाली उभा राहून मी वर पाहत होतो. त्या घरच्या आजी बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सर, ते बांडगूळ हाय. झाडाचा रस पितंय. काढून टाका म्हनलं तर पोरं ऐकत न्हाईत." आजींची यात चूक म्हणता येणार नाही. संस्कृतात 'वन्दा' हा शब्द बांडगुळाला आणि झाडावर राहणाऱ्या आमरीला, दोघांनाही वापरलेला आढळतो. अठराव्या शतकाच्या अखेरीस सर विल्यम जोन्स यांनी तोच शब्द उचलून 'व्हँडा' हे नाव एका आमर-कुळाला दिले आणि आज ते जगभर चालते. म्हणजे नावाचा घोळ जुनाच आहे.

पण दोहोंची राहणी अगदी वेगळी. बांडगूळ आपली शोषक मुळे फांदीच्या आत, थेट लाकडापर्यंत घुसवते आणि झाडाने जमिनीतून ओढलेले पाणी व क्षार पळवते. जोडाच्या ठिकाणी फांदी बहुधा सुजल्यासारखी दिसते. आमरी सालीला फक्त बाहेरून चिकटते. तिचे मूळ जपून सोडवले तर खाली साल शाबूत असते. ती झाडाकडून जागा घेते, अन्न नव्हे. अशा वनस्पतींना अपिवनस्पती म्हणतात. पानांवरूनही ओळख पटते: बांडगुळाच्या पानात शिरांचे जाळे असते, आमरीची पाने दोन ओळींत, समोरासमोर रचलेली आणि समांतर शिरांची असतात.

मग जमिनीला स्पर्शही न करता ही वनस्पती पाणी कुठून घेते?

वीस वर्षांपूर्वी मी या भागात नुकताच नोकरीला लागलो होतो. वादळात मोडलेल्या फांदीवरची एक आमरी एका विद्यार्थ्याने आणून दिली. मी मोठ्या हौसेने कुंडी आणली, तिच्यात काळी माती आणि शेणखत भरले, मुळे नीट खाली पुरली आणि सकाळ-संध्याकाळ पाणी घालू लागलो. आषाढ बरा गेला. श्रावणात खालची पाने पिवळी पडली. मला वाटले पाणी कमी पडते, म्हणून आणखी घातले! भाद्रपदात झाड हलवून पाहिले तर ते अलगद हातात आले. मुळांचे बाहेरचे आवरण भिजलेल्या कागदासारखे निसटत होते आणि आत नुसता तारेसारखा बारीक धागा उरला होता. हे निसटणारे आवरण म्हणजेच आमरीचे खरे यंत्र, आणि मी तेच बुडवून मारले होते.

या आवरणाला व्हेलामेन म्हणतात. ते मृत पेशींचे बनलेले असते. पेशींमधले जीवद्रव्य संपलेले, फक्त भिंती उरलेल्या. त्यांतून बारीक छिद्रे. थोडक्यात, मुळाभोवती गुंडाळलेला स्पंज किंवा टीपकागद. त्याच्या आत जिवंत पेशींचा थर असतो आणि त्या थरात हरितद्रव्य असते.

आता रंगाचे कोडे घेऊ. कोरड्या व्हेलामेनच्या पोकळ्यांत हवा असते. हवेचा वक्रीभवनांक १, पेशीभित्तिकेचा सुमारे १.५. प्रकाश एका माध्यमातून दुसऱ्यात लंब दिशेने शिरताना त्याचा काही भाग परावर्तित होतो. तो काढण्याची रीत सोपी आहे: दोन वक्रीभवनांकांच्या वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागा आणि उत्तराचा वर्ग करा. येथे ०.५ भागिले २.५ म्हणजे ०.२, वर्ग ०.०४. प्रत्येक पृष्ठभागावर ४ टक्के प्रकाश परत फिरतो. हे फार नाही असे वाटेल. पण व्हेलामेनमध्ये असे पृष्ठभाग एकामागे एक असतात. हिशेबासाठी २० धरा. ०.९६ ला स्वतःशीच २० वेळा गुणले की सुमारे ०.४४ येतात. म्हणजे निम्म्याहून अधिक प्रकाश आत पोचतच नाही. तो सर्व रंगांसकट इकडेतिकडे विखुरतो आणि मूळ पांढरे दिसते. साखर, मीठ, कापूस, पाण्याचा फेस ही सगळी याच कारणाने पांढरी दिसतात.

मूळ भिजले की पोकळ्यांतील हवेची जागा पाणी घेते. पाण्याचा वक्रीभवनांक १.३३. आता वजाबाकी ०.१७, बेरीज २.८३, भागाकार ०.०६ आणि वर्ग ०.००३६. एका पृष्ठभागावरचे परावर्तन अकरापटीने घटले! पुन्हा २० पृष्ठभाग धरले तर सुमारे ९३ टक्के प्रकाश पार जातो. तो आतल्या हरितद्रव्यापर्यंत पोचतो आणि मूळ हिरवे दिसू लागते. प्रत्यक्षात प्रकाश तिरपाही शिरतो, मागेपुढे आपटतो, त्यामुळे हे आकडे ढोबळच. पण कारण हेच. कागदावर तेलाचा थेंब पडला की कागद तेथे पारभासक होतो, तोही हाच प्रकार. पूर्वी शाळांच्या प्रयोगशाळांत तेलाच्या डागाचा प्रकाशमापक असे. बुन्सेनच्या नावाने ओळखले जाणारे ते साधे उपकरण आता कपाटातही दिसत नाही, याचे मला वाईट वाटते.

पाणी इतक्या झपाट्याने आत शिरते ते केशाकर्षणाने. पाण्याचा पृष्ठताण सुमारे ७२ डाइन प्रति सेंटिमीटर असतो. नळीची त्रिज्या एक मिलिमीटरचा शंभरावा भाग धरली, तर सूत्रानुसार पाणी जवळजवळ दीड मीटर चढले पाहिजे. आमरीच्या मुळाची जाडी काही मिलिमीटर. तेव्हा व्हेलामेनला गुरुत्वाकर्षणाची फिकीरच नाही. मूळ आडवे असो, उभे असो की लोंबते असो, पाणी शोषले जाते. शोषायला मिनिट पुरते, पण वाळायला कित्येक तास लागतात. पावसाची सर दहा मिनिटांत निघून गेली तरी आतल्या जिवंत पेशींना सावकाश पाणी ओढून घेण्यास सवड मिळते. शिवाय सरीचे पहिले पाणी खोडावरून ओघळताना धूळ, पक्ष्यांची विष्ठा आणि पानांवरचे क्षार धुऊन आणते. ते पाणी सर्वांत पौष्टिक, आणि टीपकागद नेमके तेच पकडतो.

आमरीची मुळे हवेतील बाष्प शोषून जगतात असे वाक्य अनेक पुस्तकांत आढळते. त्यावर विसंबू नका. नव्वद टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत ओला रुमाल टांगला तर तो अधिक ओला होतो का? सावकाश का होईना, तो वाळतोच. जिवंत मुळाच्या पेशी त्या रुमालासारख्याच. दमट हवेतही त्या पाणी गमावतात, फक्त कमी वेगाने. मुळाला हवे असते द्रवरूप पाणी: पाऊस, दव, धुक्याचे साचलेले थेंब. दमट हवेचे काम खर्च कमी करण्याचे आहे, जमा वाढवण्याचे नाही.

कुंडीतल्या मातीत माझी आमरी का मेली, हेही आता कळेल. मुळाच्या जिवंत पेशींना श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो. पाण्यातून ऑक्सिजनचे विसरण हवेच्या तुलनेत सुमारे दहा हजार पटींनी मंद होते. व्हेलामेन सतत पाण्याने भरलेले राहिले तर आतल्या पेशी गुदमरतात आणि बुरशीचे फावते. म्हणून भिजणे जितके आवश्यक, तितकेच वाळणेही आवश्यक.

आता खर्चाची बाजू. भीमाशंकरच्या माथ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाली जुन्नर-नारायणगावच्या बाजूस त्याचा पाव हिस्साही पडत नाही. पण माथ्यावरही नोव्हेंबर ते मे कोरडेच. त्या सात महिन्यांत आमरी तग कशी धरते?

एक घनमीटर हवा २० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त १७.३ ग्रॅम बाष्प सामावू शकते. ४० अंशांना सुमारे ५१ ग्रॅम. समजा, पहाटे तापमान २० अंश आणि हवेत १०.४ ग्रॅम बाष्प आहे. सापेक्ष आर्द्रता ६० टक्के झाली. दुपारी तीच हवा ४० अंशांपर्यंत तापली, बाष्प तेवढेच. आर्द्रता उतरली २० टक्क्यांवर. पण आर्द्रतेच्या टक्क्यांपेक्षा उणीव पाहा. पहाटे हवेला आणखी ६.९ ग्रॅम बाष्पाची तहान होती, दुपारी सुमारे ४०.६ ग्रॅमची. जवळजवळ सहापट! दुपारी पर्णरंध्रे उघडी ठेवणारी वनस्पती पाण्याची उधळपट्टी करील.

जाड पानांच्या अनेक आमरी म्हणून उलटा व्यवहार करतात. त्यांची पर्णरंध्रे रात्री उघडतात. आत आलेला कार्बन डाय-ऑक्साइड त्या आम्लाच्या रूपात साठवतात आणि दिवसा रंध्रे बंद ठेवून, सूर्यप्रकाशात त्याच साठ्यातून अन्न तयार करतात. या व्यवहाराची एक खूण भारतातच टिपली गेली होती. बेंजामिन हाइन या निसर्गाभ्यासकाने पानफुटीची पाने चाखून पाहिली. ती सकाळी आंबट लागत आणि दिवस चढेल तशी बेचव होत. त्याचे हे निरीक्षण १८१५ साली प्रसिद्ध झाले. तुम्ही हा प्रयोग आमरीचे पान न तोडता पानफुटीवरच करा, आणि चाखून नव्हे. सूर्योदयाला एक व सायंकाळी एक अशी सारख्या वजनाची पाने घेऊन सारख्याच पाण्यात वाटा, गाळा, फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब टाका आणि गुलाबी रंग टिकेपर्यंत सौम्य सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घाला. सकाळच्या रसाला किती थेंब अधिक लागले ते मोजा. काम शिक्षकांच्या देखरेखीखाली करावे.

एवढे समजले की आमरी वाढवण्याचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. माती नकोच. जुन्या मंगलोरी कौलाचा तुकडा, आंब्याच्या जाड सालीचा तुकडा किंवा फटी असलेली लाकडी टोपली घ्या. काथ्याची पातळ गादी घालून रोप सुती दोऱ्याने किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने बांधा. शेंडा किंचित कलता ठेवा, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचणार नाही. मुळे झाकू नका. पूर्वेची खिडकी उत्तम. पाने गडद हिरवी होऊन लांबू लागली तर उजेड कमी पडतो. फिकट पिवळसर हिरवी असली तर ठीक. काळपट चट्टे पडले तर ऊन सोसवत नाही.

पाणी केव्हा द्यायचे हे मूळच सांगते. चांदी दिसली की द्या, हिरवे असेल तर थांबा. कौलासकट बादलीत बुडवा आणि सर्व मुळे हिरवी होईपर्यंत ठेवा; काही मिनिटे पुरतात. उन्हाळ्यात असे रोज करावे लागेल, पावसाळ्यात उघड्यावर असेल तर मुळीच नाही, थंडीत तीन-चार दिवसांआड. आपल्या भागातील बोअरचे पाणी बहुधा जड असते. ते वाळले की मुळांवर क्षारांची पांढरी पुटे चढतात आणि टीपकागदाची छिद्रे बुजतात. मग चांदी कोणती आणि क्षार कोणता हेही ओळखू येत नाही! पावसाचे पाणी पिंपात साठवून ठेवा. एप्रिल-मे महिन्यांत खाली ओल्या विटांचे ताट ठेवले तर थोडा उपयोग होतो, पण वाळ्याचा ओला पडदा खिडकीत सोडणे त्याहून चांगले. दोन तापमापकांपैकी एकाच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून पडद्याच्या आत व बाहेर वाचन घ्या. दोन पाऱ्यांतील फरक जितका कमी, तितकी आमरी सुखी. खताबद्दल एवढेच, की बाटलीवर लिहिले असेल त्याच्या चौथाई तीव्रतेचे, पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा.

शहरांतील रोपवाटिकांतून कधीकधी आफ्रिकेकडच्या आमरीही विकायला येतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध मादागास्करची अँग्रेकम सेस्क्विपेडेल. आपल्या आमरीची ही दूरची चुलत बहीण. तीच दुहेरी पानांची ओळ, तीच चांदीची मुळे. फूल मात्र मेणासारखे पांढरे, ताऱ्याच्या आकाराचे, आणि सुगंध रात्री. फुलामागे सुमारे ३० सेंटिमीटर लांब नळी असते आणि मध तिच्या तळाशी. १८६२ साली चार्ल्स डार्विन यांनी हे फूल पाहून लिहिले, की इतक्या लांब सोंडेचा पतंग मादागास्करमध्ये असलाच पाहिजे. तसा पतंग १९०३ साली शास्त्रज्ञांनी नोंदवला. तेव्हा डार्विन हयात नव्हते. ही वनस्पती समुद्राजवळच्या उष्ण, दमट जंगलातली. आपल्या आमरीइतका कोरडा काळ तिला सोसत नाही आणि मुळे हलवलेली तर मुळीच खपत नाहीत. जुन्नरच्या उन्हाळ्यात ती जगवायची तर वाळ्याचा पडदा सतत ओला ठेवण्याची तयारी हवी. नवशिक्यांनी तिच्या वाटेला जाऊ नये असे माझे मत आहे.

मग आपली आमरी जंगलातून आणावी का? नाही. भीमाशंकरचे जंगल १९८५ पासून अभयारण्य आहे आणि तेथून वनस्पती काढणे हा गुन्हा आहे. पण कायद्याखेरीजही एक कारण आहे. आमरीच्या एका शेंगेत धुळीसारखी असंख्य बीजे असतात. त्यांत अन्नाचा साठा नसतो. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ती रुजतात, आणि अशी साथ क्वचित एखाद्याच बीजाला लाभते. पुढे फूल येण्यास कित्येक वर्षे जातात. अमेरिकेत लुईस नडसन यांनी १९२२ साली बुरशीशिवाय, साखर मिसळलेल्या माध्यमावर बीजे रुजवून दाखवली. रोपवाटिकांतील रोपे आज त्याच मार्गाने तयार होतात. घ्यायची तर तीच घ्यावीत. या प्रदेशातील आमरींची ओळख ज्यांनी शास्त्राला करून दिली त्यांत डॉ. अलेक्झांडर गिब्सन होते. जुन्नर तालुक्यातील हिवरे येथे त्यांच्या देखरेखीखाली सरकारी वनस्पती-बाग होती आणि डालझेल यांच्याबरोबर त्यांनी लिहिलेला 'बॉम्बे फ्लोरा' १८६१ साली निघाला. त्यांनी पाहिलेली रोपे आज कोणत्या झाडांवर आहेत, हे आपल्या तालुक्यातील शाळांनीच शोधायला हवे.

वळवाच्या वादळात फांद्या मोडतात आणि आमरीसकट खाली येतात. आजींच्या आंब्याचे तसेच झाले. जमिनीवर पडलेली आमरी पहिल्याच पावसात कुजते, कारण चिखलात तिची मुळे वाळत नाहीत. आजींच्या परवानगीने, त्यांच्या नातवाने आणि मी ती सोडवली. तुटकी मुळे कात्रीने साफ कापली आणि शेजारच्या उभ्या आंब्याच्या खडबडीत सालीवर, उत्तरेच्या अंगाला, सुतळीने बांधली. आजी म्हणाल्या, "दुसरं झाड बी खाणार आता." मी त्यांना जोड दाखवला, साल दाखवली. त्या फारशा पटल्या नाहीत, पण सुतळी तोडली नाही.

तुमच्या वाडीत, मालकीच्या झाडाखाली, असे रोप पडलेले दिसले तर घरच्यांना विचारून ज्येष्ठातच परत बांधा, म्हणजे पावसाळा पुढे सबंध मिळतो. नव्या मुळाची टोके हिरवीगार दिसतील; ती फार नाजूक, बोट लावू नका. दिवाळीच्या सुट्टीत जाऊन रोप अगदी हळू हलवून पाहा. दोन-तीन मुळे सालीला चपटी होऊन चिकटली असतील तर सुतळी कापा. नसतील तर ती पुढच्या पावसाळ्यापर्यंत तशीच राहू द्या.